वाघिणीचं पाणी

इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, हे वचन विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर जमा आहे. दूध म्हणाले हा शास्त्रीबुवांचा सोज्वळपणा. त्या भाषेचं कपाट उघडलं की दुधाचं पातेलं कुठेतरी मागे सापडतं, पुढच्या सगळ्या फळ्या बाटल्यांनी भरलेल्या असतात. बेंजामिन फ्रँकलिन या गृहस्थाने विजेशी खेळ केला, अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही केली आणि मरणोत्तर शंभर डॉलरच्या नोटेवर जाऊन बसला. पण १७३७ साली आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये त्याने छापला होता तो पिणाऱ्यांचा शब्दकोश. माणूस झिंगला आहे हे सांगण्याच्या दोनशेहून जास्त तऱ्हा, तब्येतीत अक्षरवार लावलेल्या.

न पिणाऱ्यासाठी मात्र त्या भाषेने फारसे कष्ट घेतलेले नाहीत. ‘न्यायाधीशासारखा शुद्धीवर’ असा एक प्रयोग आहे. ज्यांच्या तारखा वर्षानुवर्षं पडताहेत त्यांनी त्याबद्दल आपलं मत बनवावं. ‘टीटोटलर’ हा एक शब्द आहे. आणि तिसरा, सगळ्यात गमतीचा, ‘ऑन द वॅगन’. अमुक माणूस गाडीवर आहे, म्हणजे त्याने दारू सोडली आहे. गाडीवरून पडला, म्हणजे पुन्हा धरली आहे.

माझा मेहुणा हिंजवडीत काम करतो. त्याच्या कंपनीत अमेरिकेहून साहेब आले, तेव्हा यजमानधर्म म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्याने त्यांना बाणेरला जेवायला नेलं आणि मेन्यूचं शेवटचं पान आधी उघडलं. साहेब हसून म्हणाले, नको, मी सध्या वॅगनवर आहे. मेहुण्याने खिडकीतून पार्किंगकडे नजर टाकली. कंपनीने साहेबांना वॅगन-आर दिली असेल हे त्याला पटण्यासारखंच होतं, कंपनीचा हात तो ओळखून होता. तो म्हणाला, “सर, गाडीला ड्रायव्हर आहे ना? मग घ्या की!”

दोष मेहुण्याचा नाही. या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. आपल्याकडे ‘आज बसायचं का?’ असं कुणी डोळा बारीक करून विचारलं तर त्याला भजनाला बसायचं नसतं. तिकडे मात्र गाडीवर बसला तो सुटला. आपल्याकडे दारू चढते आणि माणूस बिघडतो. तिकडे माणूस चढतो आणि सुधारतो. आपल्याकडे उतरली की माणूस शुद्धीवर येतो, बायकोला ओळखायला लागतो, सकाळी लिंबूपाण्याचा उतारा घेतो. तिकडे माणूस खाली आला की त्याची शुद्ध गेलीच म्हणून समजावं. चढउताराचं सगळं गणित उलटं. अशा भाषेतून आलेल्या साहेबाला मेहुण्याने काय म्हणून समजून घ्यावं?

त्यातून वॅगन या शब्दाचं आपण पूर्वीच काय करून ठेवलं आहे बघा. रेल्वे आली, मालडबे आले, आणि वॅगनची आपण वाघीण केली. साखरेच्या वाघिणी, सिमेंटच्या वाघिणी. यार्डात वाघिणी रुळांवरून घसरल्याच्या बातम्या अजून छापून येतात आणि बिबट्यांच्या बातम्या वाचून सरावलेले वाचक क्षणभर दचकतात. तेव्हा ‘ऑन द वॅगन’चं शुद्ध मराठी रूप ‘वाघिणीवर बसला’ असं होतं. ज्यांनी दारू सोडून पाहिली आहे ते सांगतील की हे इंग्रजीपेक्षा बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात आपण वाघिणीवर बसलो आहोत आणि खाली उतरलो तर ती खाईल, असंच वाटतं.

पण इंग्रजीतली गाडी मुळात कुठली? या प्रश्नाला जितकी उत्तरं आहेत तितकी ती सांगणाऱ्याच्या ग्लासाची पातळी खाली जाईल तशी रंगत जातात. सगळ्यात लोकप्रिय उत्तर लंडनचं आहे, आणि त्यात फाशी आहे. गोष्टीत फाशी असली की तिला पुराव्याची फारशी गरज पडत नाही.

गोष्ट अशी. लंडनमध्ये न्यूगेटच्या तुरुंगातून फाशीच्या कैद्यांना टायबर्नला नेत. टायबर्न म्हणजे आज जिथे मार्बल आर्च आहे त्याच्या जवळची जागा. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण रस्त्यात गर्दी इतकी की पोचायला तास दोन तास सहज लागत. कैदी उघड्या गाडीत, बऱ्याचदा स्वतःच्याच शवपेटीवर बसून चाललेला. शेजारी धर्मोपदेशक. दुतर्फा लोक. फाशीच्या जागेपाशी पैसे देऊन बसायची लाकडी आसनं होती. मदर प्रॉक्टर नावाच्या बाईच्या आसनांचा चांगला बोलबाला होता. वाटेत सेंट जाइल्सपाशी कैद्याला वाडगाभर एल नावाची बिअर पाजण्याची जुनी प्रथा होती, आणि पुढे एखाद्या दारूगुत्त्यापाशीही गाडी थांबे. इथपर्यंत सगळा इतिहास खरा आहे. जोनाथन स्विफ्टने तर या मिरवणुकीवर एक कविताच लिहिली. तिच्यातला कैदी, टॉम क्लिंच, वाटेत थांबून उंची मदिरा घेतो आणि मालकाला सांगतो की परतीच्या वाटेवर पैसे देईन. उधारीच्या इतिहासात इतकं खानदानी गिऱ्हाईक दुसरं झालं नसेल.

आता इथून पुढे गुत्त्याचा मालक गोष्ट ताब्यात घेतो. तो म्हणतो, कैद्याने शेवटचा प्याला संपवला की शिपाई त्याला म्हणे, चल, गाडीवर. गाडीवर गेला तो पुन्हा प्यायला काही खाली उतरायचा नाही. म्हणून ‘ऑन द वॅगन’. दुसऱ्या गुत्त्यात गेलात तर कळतं की गाडीवर कैदी नव्हे, शिपाई होता. कैदी आत पीत असताना एका शिपायाने गाडी राखत कोरडं बसायचं, म्हणून. तिसऱ्या गुत्त्यात याच गोष्टीतून ‘वन फॉर द रोड’ही निघतो, निघताना घेतात तो शेवटचा पेग. एकाच गाडीतून इतके वाक्प्रचार उतरताना पाहिले की ती गाडी होती की वडाप, असा प्रश्न पडतो.

हरकत एकच आहे. टायबर्नला शेवटची फाशी १७८३ साली झाली. त्यानंतर फासाचा खांब न्यूगेटच्या दारातच उभा केला, म्हणजे गाडीही गेली आणि वाटेतला गुत्ताही गेला. आणि हा वाक्प्रचार छापील कागदावर दिसतो तो विसाव्या शतकाच्या तोंडावर, तोही अमेरिकेत. मधली शंभरहून जास्त वर्षं तो कुठे होता? स्विफ्टला ठाऊक नाही, डिकन्सला ठाऊक नाही. लंडनच्या एकाही दारुड्याच्या तोंडून तो निसटला नाही. समुद्र ओलांडून, एक शतक गप्प बसून, मग केंटकी राज्यात त्याला कंठ फुटला असं मानायचं तर त्याने खरोखरच तोपर्यंत काही घेतलं नसलं पाहिजे.

शिवाय ज्या माणसाने तासाभरात फासावर जायचं आहे त्याला दारू सोडल्याचं श्रेय देणं मला पटत नाही. तो निकष लावला तर प्रत्येक स्मशान हे व्यसनमुक्ती केंद्र ठरेल.

दुसरी कथा जास्त सात्त्विक आहे, त्यामुळे ती गुत्त्यांत कमी चालते आणि भाषणांत जास्त. तिची नायिका इव्हँजेलिन बूथ. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडे ज्यांना मुक्तिफौज म्हणत, त्या संघटनेचे संस्थापक विल्यम बूथ यांची ही मुलगी. ती म्हणे न्यूयॉर्कच्या बावरी भागात, जिथे गुत्ते दाटीवाटीने होते, गवताची गाडी घेऊन हिंडत असे आणि रस्त्यात पडलेल्या लोकांना उचलून गाडीत घालत असे. गाडीत गेला तो वाचला. चित्र सुरेख आहे. गवतावर रांगेने पडलेले दारुडे, पुढे गणवेशातली तेजस्वी बाई, बिगूल वाजतो आहे. फक्त तारखांनी घोळ घातला. इव्हँजेलिनबाई अमेरिकेतल्या फौजेच्या सेनापती झाल्या १९०४ साली. त्याआधीची आठ वर्षं त्या कॅनडात होत्या. आणि वाक्प्रचार १९०१ साली छापून मोकळा झाला होता. गाडी आधी निघाली आणि सारथी मागून आला.

मग त्या वर्षांत अमेरिकेत फौजेचा सेनापती कोण होता? इथे मला बसल्या जागी आनंद झाला, कारण तो माणूस मुंबईचं जुनं गिऱ्हाईक निघाला. फ्रेडरिक बूथ-टकर. जन्म मुंगेरचा, नोकरी आयसीएसची. ती सोडून तो मुक्तिफौजेत शिरला आणि १८८२ साली तीन साथीदारांना घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरला. मुंबईच्या पोलिसांना वाटलं होतं की फौज येते आहे म्हणजे फौज येणार. आले मूठभर लोक. पुढे या मंडळींनी भगवी वस्त्रं घातली, अनवाणी फिरले, टकरने फकीर सिंग असं नाव घेतलं, आणि रस्त्यात वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून मुंबई सरकारने त्यांना अटकही केली. गोऱ्या साहेबांच्या राज्यात एका गोऱ्या साहेबाला ढोल वाजवल्याबद्दल आत टाकलं, हे वाचून आपल्या गणेशोत्सव मंडळांना धीर यावा. हाच टकर १८९६ ते १९०४ अमेरिकेत सेनापती होता. त्यानेही गाडीचा वाक्प्रचार काढल्याचा पुरावा नाही, पण पुराव्याविना श्रेय वाटायचंच असेल तर इव्हँजेलिनबाईंपेक्षा आपल्या फकीर सिंगाचा हक्क तारखेने वरचा आहे, एवढं मी मुंबईच्या वतीने नोंदवून ठेवतो.

खरी गाडी याहून पुष्कळ साधी होती, आणि तिच्यात पाणी होतं.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन शहरं आपण सिनेमात पाहतो तेव्हा त्यात टोप्या असतात, झगे असतात, धूळ नसते. प्रत्यक्षात धूळच होती. रस्ते मातीचे किंवा खडीचे. एकट्या न्यूयॉर्कमध्ये लाखाच्या वर घोडे, आणि एक घोडा दिवसाला सहज आठदहा किलो लीद टाकतो. ती उन्हाने वाळायची, चाकांखाली तिचं पीठ व्हायचं आणि वारा सुटला की ते पीठ उडून खिडक्यांतून आत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुकानातल्या मालावर आणि नागरिकांच्या घशात जाऊन बसायचं. १८९५ साली जॉर्ज वेअरिंग नावाच्या माजी कर्नलने न्यूयॉर्कचं सफाई खातं हातात घेतलं आणि झाडूवाल्यांना नखशिखांत पांढरेशुभ्र गणवेश दिले. लीद उचलणाऱ्याला पांढरा गणवेश देणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा कामाचा. वेअरिंग कामाचा होता, शहर खरंच साफ झालं.

धूळ बसवायला उपाय एकच, पाणी. त्यासाठी घोड्यांची टाकीगाडी असे. चार चाकांवर मोठी लाकडी टाकी, मागे भोकं पाडलेली आडवी नळी, पुढे उंच बैठकीवर गाडीवान. त्याने झडप उघडली की मागे पाण्याचा पंखा उघडायचा आणि रस्ता ओला करत गाडी डुलत डुलत पुढे. पुढे मोटारींसाठी नाव काढलेले स्टुडबेकर बंधूही असल्या शिंपणगाड्या बनवून विकत. ठिकठिकाणी दुकानदार वर्गणी काढून आपल्या दारासमोरचा रस्ता शिंपून घेत; ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्या दारापुरती नळी बंद होत असेल, असं मला वाटतं, निदान आपल्या आळीत तरी तसंच झालं असतं. आपल्याकडे हे काम पखालीवाला भिस्ती करायचा. तो बिचारा चामड्याच्या पखालीसकट पायी चालत असल्यामुळे त्याच्यावर चढून बसणं कुणाला सुचलं नाही, आणि मराठी भाषा एका वाक्प्रचाराला मुकली.

तर त्या काळात घसा कोरडा पडलेला माणूस दोन ठिकाणी जाऊ शकत होता, गुत्त्यात किंवा शपथेवर. शपथ घेण्याची तेव्हा साथच होती. बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात १८४० साली सहा पिणारे दोस्त बसले होते, त्यांनी तिथेच ठरवलं की आजपासून बंद, आणि वॉशिंग्टनच्या नावाने संस्था काढली. गुत्त्यात बसून दारूबंदीची संस्था काढायची हे खास पुरुषी धाडस आहे. त्यानंतर बायका उतरल्या, चर्च उतरलं, गुत्ताविरोधी लीग आली. शपथपत्रांवर लाखो सह्या झाल्या. अशी सही करून बसलेला एखादा गडी दुपारी, जीभ टाळूला चिकटलेली असताना, रस्त्यावरून जाणाऱ्या त्या टाकीकडे बघतो आणि म्हणतो, व्हिस्की? नाव काढू नका. त्यापेक्षा त्या पाण्याच्या गाडीवर चढून बसेन. एवढाच तो विनोद. तो गाडीवानाने केला की गुत्त्यातल्या मित्राने टोमणा म्हणून, ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही.

मूळ रूप ‘पाण्याच्या गाडीवर’ असंच होतं. १९०१ साली ॲलिस हेगन या लेखिकेची ‘मिसेस विग्ज ऑफ द कॅबेज पॅच’ ही कादंबरी आली. केंटकीतल्या लुइव्हिल शहराच्या गरीब वस्तीची कथा, पुस्तक तुफान खपलं. त्यात व्हिस्की नाकारणारा एक गडी याच पाण्याच्या गाडीचा हवाला देतो. ज्या सहजपणे तो देतो त्यावरून वाचकांना ते आधीच ठाऊक असणार. मग काही वर्षांत ‘पाण्याच्या’ हा शब्द गळून पडला. त्याच सुमारास रस्त्यांवर डांबर आलं, घोडे गेले, शिंपणगाड्याही दिसेनाशा झाल्या, आणि नुसती गाडी उरली. कुठली गाडी ते कुणाला आठवेना. गुत्त्याच्या मालकाला हीच संधी हवी होती. रिकाम्या गाडीत त्याने फाशीचा कैदी आणून बसवला.

मला यातली गंमत वाटते ती अशी की दारू सोडण्याच्या वाक्प्रचाराचा इतिहास जवळजवळ सगळा पिणाऱ्यांनी सांभाळला आहे. न पिणारे लोक साडेनऊला झोपतात, व्युत्पत्तीवर वाद घालायला जागं कोण राहणार? ‘टीटोटल’चंच बघा. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात १८३३ साली डिकी टर्नर नावाच्या साध्या कामगाराने सभेत संपूर्ण त्यागाचा जोरदार पुकारा करताना ‘टोटल’च्या आधी आणखी एक ‘टी’ लावली. मित्र म्हणाले भर देण्यासाठी लावली, विरोधक म्हणाले बोलताना अडखळला. जगातल्या बहुसंख्य लोकांनी मात्र परस्पर ठरवलं की ही ‘टी’ म्हणजे चहा, आणि टीटोटलर म्हणजे चहावर भागवणारा. डिकी गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर हा शब्द त्याचा आहे असं कोरून ठेवलं. तरी लोक चहाच म्हणतात. थडगं वाचायला दिवसा जावं लागतं.

गाडीच्या वाक्प्रचारात एक गोष्ट मात्र पिणाऱ्यांनीही मनापासून खरी ठेवली आहे. या गाडीवरून उतरायची सोय नाही. पायरी नाही, थांबा नाही, ‘जरा पुढच्या चौकात सोडा’ नाही. इंग्रजीत माणूस गाडीवर असतो किंवा गाडीवरून पडतो. आपल्या वारकऱ्यांची माळ यापेक्षा गंभीर गोष्ट. गळ्यात तुळशीची माळ पडली की गावात सगळ्यांना कळतं, गुत्तेवाल्यालासुद्धा. माळकऱ्याला तो हाक मारत नाही. माळ नाही जमली त्यांच्यासाठी श्रावण आहे. श्रावणाची व्यवस्था अशी की गाडी सुटण्याची वेळ पंचांगात छापलेली, उतरण्याचीही छापलेली, आणि सुटण्याआधीच्या अमावास्येला फलाटावर इतकी गर्दी की काही प्रवासी गाडी येण्याआधीच रुळांवर आडवे. टायबर्नच्या कैद्यालाही वाटेत इतकं पाजत नसत.

१७ जानेवारी १९२० ला अमेरिकेने सगळ्या देशालाच गाडीवर चढवलं. अठरावी घटनादुरुस्ती, देशभर दारूबंदी. कायद्याने कुणी गाडीवर चढला की तो पहिल्यांदा मागचा दरवाजा कुठे आहे ते बघतो. द्राक्षाच्या रसाच्या वड्या बाजारात आल्या, आणि त्यांच्याबरोबर सक्त ताकीद: या वड्या पाण्यात विरघळवून घागर अमुक दिवस कपाटात ठेवू नये, नाहीतर त्याची वाइन होईल. इतकी नेमकी ताकीद वाचून लोक सावध झाले आणि दिवस मोजायला लागले. औषध म्हणून व्हिस्की मिळत होती, डॉक्टरची चिठ्ठी लागे. १९३१ च्या डिसेंबरात विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडताना उलट्या बाजूला बघत चालले आणि त्यांना मोटारीने उडवलं. अमेरिकन डॉक्टरने चिठ्ठी दिली की अपघातातून बरं होण्यासाठी यांना मद्य आवश्यक आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी. प्रमाण ठरवून देता येत नाही, पण कमीत कमी अडीचशे मिलिलिटर. गाडीवरून पडून प्यायला लागलेले पुष्कळ आहेत. गाडीखाली येऊन सरकारमान्य पिणारा हा एकच.

हे वाचून मराठी माणसाने फार हसू नये. आपल्या राज्यात आजही १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे. नावात दारूबंदी आहे आणि कायदा दारू विकण्याचे नियम सांगतो. त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि परवाना द्यायचा कशासाठी, तर प्रकृतीच्या जपणुकीसाठी. एका दिवसाच्या परवान्याला पाच रुपये, आजन्म हवा असेल तर हजार. ‘परमिट रूम’ हा शब्द इथूनच आला. संध्याकाळी सातला परमिट रूममध्ये जमलेली ती सगळी मंडळी, कायद्याच्या भाषेत, औषध घ्यायला आलेली असतात. काहींना डोस वाढवून लागतो.

अमेरिकेची गाडी जेमतेम चौदा वर्षं चालली. ५ डिसेंबर १९३३ ला एकविसाव्या दुरुस्तीने सगळा देश एकदम खाली उतरला. पडला म्हणत नाहीत, कारण सगळेच पडले.

पाण्यावर मनापासून विश्वास असलेला एक माणूस मात्र मला फार आवडतो. डॉक्टर हेन्री कॉग्सवेल, सॅन फ्रान्सिस्कोचा दंतवैद्य. सोन्याच्या शोधात धावलेल्या लोकांचे दात दुरुस्त करून आणि जमिनी घेऊन तो गडगंज झाला. त्याचं म्हणणं असं की लोक गुत्त्यात जातात कारण रस्त्यावर थंड पाणी मिळत नाही. पाणी द्या, गुत्ते बंद पडतील. म्हणून त्याने स्वखर्चाने शहरोशहरी पाण्याची कारंजी वाटायला सुरुवात केली. काहींच्या वर स्वतःचा पुतळा, एका हातात पाण्याचा पेला पुढे केलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी १८९४ साली एका रात्री दोर लावून आपल्या गावातला तो पुतळा खाली ओढला. दंतवैद्याचा राग अनेक कारणांनी येऊ शकतो.

वॉशिंग्टनमधलं त्याचं १८८० च्या दशकातलं कारंजं अजून उभं आहे. चार खांब, वर दगडी छत, त्यावर करकोचा, आत एकमेकांना गुंडाळलेले दोन मासे, त्यांच्या तोंडातून पाणी. ते पाणी थंडगार असावं म्हणून आत बर्फ भरायचा होता. रोज बर्फ भरायला नगरपालिका कंटाळली. मग पाणीही गेलं. मागच्या इमारतीत पुष्कळ वर्षं दारूचं मोठं दुकान होतं, ते मात्र जोरात चाललं. १९४५ साली कॅलिफोर्नियाच्याच एका सिनेटरने हे ध्यान इथून हलवा असा ठराव मांडला. पुढे कारंज्याच्या कैवाऱ्यांनी कॉग्सवेलच्या नावाने एक मंडळ स्थापलं. त्यांच्या सभेत एक जण उठून संयमाच्या नावाने पेला उंचावतो, आणि बाकीचे सगळे एका सुरात सांगतात की या गोष्टीसाठी आम्ही जरूर पिऊ.